आधी नर तपासा

डुकरीण माजावर येते, नर लावला जातो, आणि एकविसाव्या दिवशी ती पुन्हा माजावर येते. असे दोनदा झाले की आपल्याकडे तिचा निकाल लागतो. ‘ही उलटते’ एवढे कारण पुरते आणि पुढच्या आठवड्यात ती खाटकाच्या टेम्पोत चढते. शेजारच्या कप्प्यातला नर मात्र जागचा हलत नाही. तो चढतो, तोंडाला फेस आणतो, मादीच्या कुशीवर नाक घासतो, म्हणजे तो उत्तमच असणार, असे मालक धरून चालतो, गडी धरून चालतो, आणि खेदाची गोष्ट अशी की पुष्कळदा पशुवैद्यकही तेच धरून चालतो. पैदाशीच्या नराच्या जननेंद्रियांचे विकार कसे ओळखावेत यावर मराठीत एक पुस्तक हवे, असे मला वाटू लागले ते या धरून चालण्यामुळे.

हिशेब साधा आहे. एक मादी बिघडली तर तिचे एक वेत बुडते, म्हणजे आठ-दहा पिल्ले. नैसर्गिक पैदाशीत एका नरामागे दहा ते पंधरा माद्या असतात. तो बिघडला तर शेडमधला सगळा हंगाम बुडतो. कृत्रिम रेतन असेल तर पसारा आणखी वाढतो. प्रौढ नर एका वेळी साधारण १५० ते ३०० मिलिलिटर वीर्य देतो. त्यात ३,००० ते १०,००० कोटी शुक्राणू असतात आणि एका मात्रेला २०० ते ३०० कोटी पुरतात, म्हणून एका संकलनातून पंधरा-वीस मात्रा सहज निघतात. त्या मात्रा १७ अंश सेल्सिअसच्या पेटीत बसून गावोगाव जातात. नराचा दोष त्यांच्याबरोबर जातो, आणि नराला रोग असेल तर रोगही जातो.

पुस्तकाचा सगळा विचार ज्या एका प्रसंगातून सुरू झाला तो आधी सांगतो.

शिरूर तालुक्यातले एक मध्यम फार्म. यॉर्कशायरच्या बारा माद्या, एक नर, खाद्य म्हणून हॉटेलातले उरलेले अन्न आणि मक्याचा भरडा. मी पोहोचलो ३० जूनला. जूनच्या पहिल्या आठवड्यात सहा माद्यांना नर लावला होता. त्यातल्या पाच उलटल्या होत्या, आणि त्या पाचांतल्या तीन मी येण्याआधीच विकल्या गेल्या होत्या. उरलेल्या दोघींना मी इंजेक्शन द्यावे एवढीच मालकांची अपेक्षा होती. “नर एकदम ओके आहे डॉक्टर, त्याच्यात वेळ घालवू नका,” ते म्हणाले.

मी नराच्या कप्प्यात गेलो. पावणेदोनशे किलोचे धूड, पण माणसाळलेले. गड्याने पुढे टोपल्यात भरडा ठेवला, तो खाण्यात रमला, आणि मी मागून दोन्ही हात अंडकोषावर ठेवले. आपण मूठ आवळली की अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा हाताला लागतो, घट्ट पण दाबला की परत उसळणारा, तसा निरोगी वृषण लागतो. मूठ सैल सोडल्यावर तोच उंचवटा जसा लागतो तसे या नराचे दोन्ही वृषण लागत होते. बोट आत जात होते आणि खळगा लगेच भरून येत नव्हता. सूज नव्हती, गरमपणा नव्हता, दुखत नव्हते. दोन्ही बाजू सारख्याच मऊ. दोन्ही बाजू एकदम आणि सारख्या मऊ पडतात तेव्हा कारण बहुधा वृषणात नसते, सगळ्या शरीराला काहीतरी होऊन गेलेले असते.

“ह्याला मध्ये काही झालं होतं का?” मी विचारले. मालक नाही म्हणाले. त्यांच्या पत्नी पाण्याची बादली घेऊन दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “झालं होतं की! मोटर जळाली होती तेव्हा. तीन दिवस पाणी नव्हतं, वरून पत्रा तापलेला. ह्यानं खाणंच सोडलं होतं. धापा टाकत पडला होता नुसता.” मोटर दुरुस्तीची पावती घरात सापडली. तारीख २१ मे.

दुसऱ्या दिवशी पहाटे वीर्य काढले. सूक्ष्मदर्शकाखाली पुढे पोहणारे शुक्राणू जेमतेम तीस टक्के होते. बाकीच्यांत वाकडी डोकी, शेपटीपासून सुटलेली डोकी, गुंडाळलेल्या शेपट्या. नराला मी औषध दिले नाही. पत्र्यावर गवताचा जाड थर, दुपारी अंगावर पाणी, रोजचे ताजे पिण्याचे पाणी आणि विश्रांती, एवढेच सांगितले. २५ जुलैच्या नमुन्यात हालचाल पंचाहत्तर टक्क्यांवर आली होती. राहिलेल्या दोन माद्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लावल्या आणि नोव्हेंबरच्या शेवटी त्या विल्या; एकीला नऊ पिल्ले, दुसरीला अकरा. विकलेल्या तिघींचा काही दोष नव्हता.

या प्रसंगात जे दडले आहे ते मी पुढे प्रत्येक प्रकरणात पुन्हा पुन्हा सांगितले आहे. नर डुकराच्या वृषणात मूळ पेशीपासून शुक्राणू घडायला सुमारे ३९ दिवस लागतात. तिथून तो अधिवृषणात येतो, ज्याला आम्ही रोजच्या बोलण्यात एपिडिडिमिसच म्हणतो, आणि तिथल्या लांबलचक नळीत पक्व होत आणखी दहा ते चौदा दिवस काढतो. म्हणजे आज भांड्यात पडलेला शुक्राणू सुमारे सात आठवड्यांपूर्वी घडायला लागला होता. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातला ताप जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या संकरात दिसला, जूनच्या शेवटी माद्या उलटल्या तेव्हा मालकाला कळला, आणि तोपर्यंत नर चांगला खाऊन-पिऊन टुणटुणीत झाला होता. म्हणून ज्याला नर तपासायचा आहे त्याने आजची तारीख लिहून दोन महिने मागे मोजायला शिकले पाहिजे. त्या दोन महिन्यांत काय झाले हे विचारल्याशिवाय हातात घेतलेला नमुना अर्धाच वाचला जातो.

उन्हाळा आपल्याकडे या विकारांचे सर्वांत मोठे कारण आहे, आणि त्याला शरीररचना जबाबदार आहे. शुक्राणू नीट घडायला वृषणांचे तापमान अंगाच्या तापमानापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी राहावे लागते. वळूचा अंडकोष खाली लोंबतो, गरजेप्रमाणे वर-खाली होतो. डुकराचा अंडकोष मांड्यांच्या मागे, गुदद्वाराखाली अंगाला लागून असतो. त्यात डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. चिखलात किंवा पाण्यात लोळणे हा त्याचा थंड होण्याचा मुख्य मार्ग. सिमेंटच्या जमिनीवर, पत्र्याखाली, पाण्याच्या टंचाईत त्याला आपण तोही ठेवत नाही. हवा तिशीच्या वर बरेच दिवस राहिली की वीर्य उतरू लागते. विदर्भात आणि मराठवाड्यात पारा पंचेचाळिशीला जातो. तिथल्या शेडमधल्या नराकडून जूनमध्ये कोणत्या वेताची अपेक्षा ठेवायची याचा विचार एप्रिलमध्येच व्हायला हवा.

तपासणी कोठून सुरू करावी, याचे माझे उत्तर ऐकून विद्यार्थी थबकतात. खुरापासून. नर चढत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी कितीतरी नरांच्या जननेंद्रियांत काहीच बिघडलेले नसते. ओल्या, खरबरीत सिमेंटवर खुराला भेग पडलेली असते, किंवा मागच्या गुडघ्याचा सांधा सुजलेला असतो. चढताना सगळे वजन मागच्या दोन पायांवर येते आणि वीर्य पडायला पाच ते आठ मिनिटे लागतात. तेवढा वेळ दुखऱ्या पायावर उभे राहण्यापेक्षा तो मागे फिरणे पसंत करतो, आणि त्याच्या नावावर ‘थंड आहे’ असे लागते. त्याला संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन काही होत नाही. म्हणून नराला आधी मोकळ्या जागेत चालवावे, वळवावे, चढताना आणि उतरताना बघावे, आणि मगच हात लावावा.

हात लावताना लक्षात ठेवायची गोष्ट अशी की नर डुकराचा वृषण बाकीच्या जनावरांच्या मानाने उलटा टांगल्यासारखा असतो. अधिवृषणाची शेपटी वर, गुदद्वाराच्या दिशेने असते आणि डोके खाली. त्यामुळे मागून हात घातला की पहिल्यांदा बोटाला ती शेपटीच लागते, बोराएवढ्या टणक गाठीपेक्षा बरीच मोठी, ठसठशीत. नवख्या डॉक्टरांनी तिला गळू समजून सुई लावल्याचे मी पाहिले आहे. ही शेपटी म्हणजे नराची कोठी. पक्व शुक्राणू तिथे साठलेले असतात. ती सपाट लागली तर नर अती वापरला गेला आहे किंवा वृषणच काम करत नाही. ती एका बाजूला कठीण आणि दुखरी लागली तर संसर्गाचा विचार आधी करावा.

दोन वृषणांत थोडा फरक चालतो. नजरेत भरेल इतका चालत नाही. एक लहान आणि पहिल्यापासूनच लहान असेल तर ती जन्मजात वाढखुंटी. एक लहान, पण आधी मोठा होता असे सांभाळणारा सांगत असेल तर ती झीज. एक मुळीच नसेल तर तो पोटात राहिला आहे. हा शेवटचा प्रकार फसवा असतो. पोटातल्या उष्णतेत शुक्राणू तयार होत नाहीत, पण नराचे संप्रेरक तयार होतच राहते, म्हणून दोन्ही वृषण पोटात असलेला नरही जोमाने चढतो. एकच पोटात असेल तर तो पिल्लेही देतो, आणि त्याच्या नर पिल्लांत तोच दोष उतरू शकतो. अंडकोषात उतरलेल्या हर्नियाचे तेच. आतडे अंडकोषात आले की मालक म्हणतो, “नराचं अंग भरलंय.” शस्त्रक्रियेने तो नर वाचवता येतो, पण पैदाशीला ठेवू नये. या बाबतीत मी पुस्तकात कुठेही मवाळ भाषा वापरलेली नाही. खाण्यासाठी वाढवायच्या जनावरात जो दोष चालतो तो पैदाशीच्या नरात चालत नाही.

शिश्नाची तपासणी आपल्याकडे जवळजवळ होतच नाही, कारण ते विश्रांतीच्या वेळी आत असते. गुंगीच्या औषधाने ते बाहेर आणता येते. पण अ‍ॅझापेरोन वापरताना नरासाठी मात्रा किलोमागे एक मिलिग्रॅमच्या वर नेऊ नये, नाहीतर बाहेर लोंबलेले शिश्न घासून जखमी होते. माझा कल वीर्य काढतानाच पाहण्याकडे आहे. शिश्नाचे टोक मळसूत्रासारखे पिळदार असते. जन्मतः असलेला त्वचेचा पट्टा वयात येताना सुटला नाही तर ताठरताना ते धनुष्यासारखे खाली वळते आणि मादीपर्यंत पोहोचतच नाही. पट्टा कापणे दोन मिनिटांचे काम आहे, पण यातही आनुवंशिकतेचा संशय असल्याने त्या नराची पिल्ले पैदाशीला राखू नयेत, असे मी सांगतो.

शिश्नावरणाच्या वरच्या अंगाला एक पिशवी असते, डायव्हर्टिक्युलम. तिच्यात लघवी आणि झडलेल्या पेशी साचून कुजतात. नराच्या अंगाला येणारा उग्र वास बराचसा तिथला. संकलनाच्या आधी ती दाबून रिकामी केली नाही तर तो मळ थेट नमुन्यात उतरतो, आणि मग अहवालात ‘जिवाणूसंसर्ग’ असे लिहून आपण निरोगी नराला दोष देतो. काही नर, विशेषतः तरुण, शिश्न बाहेर काढण्याऐवजी याच पिशवीत घालतात आणि तिथेच वीर्य सोडतात. बाहेरून पाहणाऱ्याला तो चढला, कमरेच्या हालचाली केल्या, उतरला, एवढे दिसते. सहा माद्या अशा ‘लावलेल्या’ आणि सहाही रिकाम्या, असे मी पाहिले आहे. गडी प्रामाणिकपणे सांगत होता की त्याच्यासमोर संकर झाला. खाली वाकून पाहायला त्याला कोणी शिकवले नव्हते.

वीर्य काढायला यंत्र लागत नाही. नर सांगाड्यावर, ज्याला सगळीकडे डमीच म्हणतात, चढवायचा, पिळदार टोक हातमोज्यात घट्ट धरायचे आणि धरून ठेवायचे. मादीच्या गर्भाशयमुखाची पकड जशी असते तसा दाब त्याला हवा असतो. हातमोजा व्हाइनलचा, पावडर नसलेला; लॅटेक्स शुक्राणूंना मारक ठरू शकतो. सुरुवातीचा पाण्यासारखा भाग सोडून द्यायचा. मग दुधाळ, दाट भाग येतो; शुक्राणूंची बहुतेक संख्या त्यात असते. नंतर पुन्हा पातळ, आणि मधूनमधून साबुदाण्याच्या खिरीसारख्या गोळ्या, ज्या गाळणीवर राहतात. या गोळ्या बल्बोयुरेथ्रल ग्रंथींतून येतात. डुकरात या ग्रंथी खूप लांब आणि जाड असतात. वीर्यकोश तर त्याहूनही मोठे, वळूपेक्षाही. डुकराच्या वीर्याचा मोठा भाग या ग्रंथींचा असतो, म्हणून त्यांना सूज आली तर नमुन्यात पू, पिवळसरपणा आणि चिकट गुठळ्या दिसतात. लाल छटा असेल तर ती बहुधा टोकावरच्या जखमेची: सोबतच्या नरांनी चावलेली, किंवा डमीच्या खिळ्याने झालेली. रक्त शुक्राणूंना बाधक असते. अशा नराला तीन-चार आठवडे सुट्टी द्यावी आणि त्या वेळात डमीवर हात फिरवून खिळा शोधावा.

आकड्यांचे फार वेड नको, पण काही आकडे डोक्यात हवेत. पुढे पोहणारे शुक्राणू सत्तर टक्क्यांच्या खाली नकोत. बिघडलेल्या आकाराचे वीस-पंचवीस टक्क्यांच्या वर नकोत. मानेजवळ किंवा शेपटीवर पेशीद्रवाचा थेंब घेऊन फिरणारे पंधरा टक्क्यांच्या वर नकोत. हे थेंब अपक्वतेची खूण असतात. फार लहान वयात वापरायला घेतलेला नर आणि रोज वापरलेला नर, दोघांच्या नमुन्यांत ते दिसतात. एकाच नमुन्यावरून नर बाद करू नये. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने किमान दोन नमुने, आणि संशय असेल तर सात आठवडे थांबून आणखी एक. मालकाला हे थांबणे जड जाते, कारण नर रोज खात असतो. तरीही थांबावे.

वळूच्या बाबतीत हे सगळे शास्त्र जुने आहे. स्वीडनच्या निल्स लागरलॉफ यांनी १९३४ साली नापीक वळूंचे वीर्य आणि वृषण यांच्यावर प्रबंध लिहिला आणि नर तपासण्याच्या पद्धतीला बैठक मिळाली. आमच्या अभ्यासक्रमात वळूवर पानेच्या पाने होती. नर डुकरावर दीड पान. वराहपालन करणारी माणसे कोणत्या समाजांतली होती, त्यांच्या जनावरांकडे समाज कसा पाहत होता, याचा त्या दीड पानाशी संबंध आहे असे मला वाटते. वडार, कैकाडी आणि इतर समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या डुकरे सांभाळली, त्यांच्या दारात पशुवैद्यक क्वचित गेला. आज सुशिक्षित तरुण कर्ज काढून यॉर्कशायर आणि ड्युरॉक आणतात, पण डुकरिणीचा माज अंधारातही ओळखणारी जुनी माणसे त्यांच्या शेजारी राहत असूनही त्यांना कोणी विचारत नाही. मी विचारले आहे, आणि या पुस्तकातल्या काही खुणा त्यांच्याकडून शिकलेल्या आहेत.

संसर्गाच्या प्रकरणावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. ब्रुसेला सुइस हा जिवाणू वृषणात, अधिवृषणात, वीर्यकोशात किंवा सांध्यात घर करतो. कधी नराचा एकच वृषण सुजलेला दिसतो, पण कधी जिवाणू फक्त वीर्यकोशात असतो, नर हट्टाकट्टा दिसतो, आणि प्रत्येक संकरात रोग वाटत राहतो. रोझ बेंगॉल चाचणी स्वस्त आहे, पण ती एकेका डुकराचा निवाडा करायला पुरेशी विश्वसनीय नाही. यर्सिनिया एंटेरोकोलिटिकाच्या ओ-९ प्रकाराशी गल्लत होऊन खोटा होकार येऊ शकतो. म्हणून कळपाची तपासणी करावी आणि जिवाणू वाढवून खात्री करावी. बाधित नरावर उपचार करत बसू नये. आणि हातमोज्याशिवाय अशा नराला हात लावू नये, हे तरुण सहकाऱ्यांना मी विनवून सांगतो: हा जिवाणू माणसालाही लागतो आणि महिनोन्‌महिने उलटून येणाऱ्या तापाने माणूस खंगतो.

भातशेतीच्या पट्ट्यात पावसाळ्यानंतर दोन्ही वृषण सुजलेला, अंडकोषाची कातडी ताणून चकचकीत झालेला नर दिसला तर जपानी मेंदूज्वराचा विचार करावा. भातखाचरांत वाढणारा क्युलेक्स डास हा विषाणू पाणपक्ष्यांकडून डुकराकडे आणतो. डुकरात तो भरपूर वाढतो आणि डासांमार्फत माणसापर्यंत पोहोचतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या भागांत माणसांत हा रोग आढळलेला आहे. बहुतेक नर सावरतात, काही कायमचे वांझ होतात, आणि सूज असताना वीर्यातून विषाणू बाहेर पडतो. इथे पशुवैद्यकाचे निदान गावच्या आरोग्य केंद्राच्याही कामाचे असते. सुजलेला नर पाहिला तर ते तिथे कळवावे.

पीआरआरएस हा विषाणूजन्य रोग भारतात पहिल्यांदा २०१३ साली मिझोराममध्ये नोंदला गेला आणि आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० साली आसाम-अरुणाचलात. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे देशात सुमारे ९०.६ लाख डुकरे होती आणि सर्वाधिक, सुमारे २१ लाख, आसामात. तिकडे एकच नर भाड्याने गावोगाव फिरवण्याची जुनी चाल आहे. पीआरआरएस झालेल्या नरात बाहेरून पुष्कळदा काहीही दिसत नाही, दोन दिवस खाणे कमी होते एवढेच, पण वीर्यात विषाणू आठवडेच्या आठवडे राहू शकतो. बाहेरून आणलेला नर वेगळा ठेवून, रक्त आणि वीर्य तपासूनच माद्यांत सोडावा, हा नियम आपल्याकडे कागदावर आहे. गुवाहाटीजवळ राणी येथे असलेल्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या वराह संशोधन केंद्राने ईशान्येत कृत्रिम रेतन रुजवण्याचे काम केले आहे, आणि फिरत्या नराला तोच खरा पर्याय आहे.

काही दोष हाताला लागत नाहीत आणि सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत, ते मला अजूनही चकित करतात. १९६४ साली स्वीडनमध्ये एका नराच्या गुणसूत्रांत अदलाबदल सापडली: दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी बसलेले. अशा नरात काहीच कमी नसते. तो चढतो, वीर्य उत्तम, माद्या गाभण राहतात. फक्त वेताला अकराऐवजी सहा-सात पिल्ले, कारण अर्धवट गुणसूत्रे मिळालेले गर्भ सुरुवातीलाच मरून जिरून जातात. फ्रान्समध्ये तुलूझच्या प्रयोगशाळेने हजारो तरुण नर तपासले तेव्हा सुमारे दोनशेत एक असा निघाला. आपल्याकडे लहान वेताचा दोष दिला जातो तो मादीला, नाहीतर खाद्याला. एकाच नराच्या पाच-सहा वेगवेगळ्या माद्यांची वेते सातत्याने लहान असतील, तर वही उघडून नराच्या नावापुढचे आकडे मिळवावेत. निदान वहीतच होते. उलट दिशेचे उदाहरण फिनलंडचे. तिथल्या यॉर्कशायर नरांत शुक्राणूंच्या शेपट्या आखूड आणि निश्चल निघू लागल्या. वृषण ठीक, संख्या घटलेली, हालचाल शून्य. २००६ साली त्याचे मूळ सापडले: केपीएल-२ नावाच्या जनुकात घुसून बसलेला डीएनएचा एक फिरता तुकडा. आई-बाप दोघांकडून तो आला तरच नर वांझ होतो. नात्यातल्या नात्यात पैदास करत राहिले की असे दबलेले दोष वर येतात, आणि आपल्याकडे एकाच फार्मचे नर जिल्हाभर विकले जातात हे विसरू नये.

गोव्याबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. तिथे डुकराला घरात आणि सणात मानाची जागा आहे, आणि आगोंदा गोवन ही तिथली जात देशी जात म्हणून अधिकृतपणे नोंदलेली आहे. काळा, बुटका, काटक प्राणी. जुने गोवे येथील किनारी कृषी संशोधन संस्थेत तिच्यावर आणि डुकरांच्या कृत्रिम रेतनावर काम चालते. आगोंदा नराचा वृषण यॉर्कशायरच्या मापाने मोजला तर प्रत्येक नर बाद ठरेल. मी एका तरुण डॉक्टरला परदेशी पुस्तकातला तक्ता हातात घेऊन असा निवाडा करताना पाहिले आणि त्याला थांबवले. देशी नर लवकर वयात येतो, अंगाने लहान राहतो, वीर्य कमी देतो. त्याची तुलना त्याच्याच जातीच्या, त्याच्याच वयाच्या नराशी करावी. अशी मापे आपल्याकडे पुरेशी लिहून ठेवलेली नाहीत. म्हणून पुस्तकात मोजपट्टी आणि कॅलिपर कसे धरावे हे चित्रासह सविस्तर दिले आहे. वाचकांनी मोजावे आणि लिहून ठेवावे.

बुरशी लागलेल्या मक्यातल्या झिरालेनोन या विषाचे प्रकरण लहान आहे. ते तरुण नरांत मादीच्या संप्रेरकासारखे काम करते, म्हणून असा मका नराला घालू नये एवढे पुरे. सोनोग्राफीचे प्रकरणही मी मुद्दाम आटोपशीर ठेवले. यंत्र असेल तर वृषणातले पाणी, रक्ताची गाठ, वीर्यकोशाची सूज छान दिसते. पण यंत्र नसलेल्या डॉक्टरसाठी मी लिहितो आहे, आणि त्याच्याजवळ दोन हात, एक थर्मामीटर, एक साधा सूक्ष्मदर्शक आणि सकाळची वेळ असते.

पुस्तकाच्या शेवटी तपासणीचा एक पानी तक्ता जोडला आहे. झेरॉक्स काढून तो खिशात ठेवावा. त्यात वृषणांची मापे, हालचालीचे टक्के, संकराच्या तारखा यांचे रकाने आहेत. सगळ्यांच्या वर, नराला हात लावण्याच्याही आधी भरायचा एक रकाना आहे: याला रोज खायला कोण घालते? ते नाव लिहावे, त्या माणसाला बोलावून घ्यावे, आणि मागचे साठ दिवस त्याच्याकडून, किंवा तिच्याकडून, एकेक करून ऐकावेत.